लेझरची पल्स पकडणारं फोटोडायोड सर्किट: नागपुरात, घरच्या टेबलावर

फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की करंट देणारा डायोड, वापरून लेझरची पल्स ओळखणारं सर्किट करायचं ठरलं की नवखा माणूस पहिलं विचारतो, "रेझिस्टन्स कितीचा लावू?" एका आकृतीत त्याला १०० के (किलोओहम) दिसलेला असतो, दुसरीत १ मेग (मेगाओहम), तिसरीत ५० ओहम. तिन्ही आकृत्या बरोबर असू शकतात, कारण तिघींची पल्स वेगळी असते. म्हणून आपण उलट बाजूने निघू. पल्स किती रुंद आहे ते आधी ठरवायचं आणि त्यावरून रेझिस्टन्स काढायचा. बाकीचं सर्किट त्या एका आकड्याच्या मागोमाग येतं.

समोर एक ठरावीक काम ठेवू, म्हणजे हिशेब हवेत राहणार नाही. ६५० नॅनोमीटरचं साधं लाल लेझर मॉड्यूल, त्याच्या १० मायक्रोसेकंदांच्या पल्सेस, सेकंदाला १०००. अंतर १० मीटर, म्हणजे एखाद्या लांब गच्चीच्या किंवा कॉलेजच्या व्हरांड्याच्या दोन टोकांइतकं. प्रत्येक पल्सला सर्किटने ५ व्होल्टची एक स्वच्छ पल्स द्यावी आणि आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) ती मोजावी. डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधलं वेग मोजणं, वस्तू मोजणं, प्रकाशातून डेटा पाठवणं, ही सगळी कामं याच सांगाड्यावर उभी राहतात.

डोळ्यांचं आधी

स्वस्त मॉड्यूलवर "५ मिलिवॅट" छापलेलं असतं. त्यावर भिस्त ठेवू नका, छापल्यापेक्षा जास्त पॉवर टाकणारी मॉड्यूल सर्रास असतात. पल्समध्ये वर आणखी एक फसगत आहे. १००० मायक्रोसेकंदांपैकी १० मायक्रोसेकंदच लेझर चालू असेल, तर सरासरी उजेड शंभरपट कमी होतो आणि ठिपका अगदी निरुपद्रवी दिसतो. पण प्रत्येक पल्सच्या वेळी पॉवर पूर्ण असते, आणि आर्डुइनो पिन हाय ठेवून अडकला तर तीच पॉवर सलग येत राहते. मंद दिसतं म्हणून बीमच्या रेषेत डोळा आणायचा नाही. बीम टेबलाच्या उंचीवर ठेवा, उभ्या किंवा बसलेल्या कुणाच्याही डोळ्यांच्या पातळीवर नको. शेवटच्या टोकाला काळा, न चकाकणारा पुठ्ठा लावा.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतल्या लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ते लेझर कितीतरी मोठे असतात, पण सवय मात्र लहान लेझरवरच लागते. गच्चीवर प्रयोग करत असाल तर बीम रस्त्याकडे किंवा आकाशाकडे जाणार नाही हे बघा. सोनेगावचं विमानतळ शहराला लागून आहे आणि उतरणारी विमानं घरांवरून बरीच खालून जातात.

पल्स कागदावर उतरवा

चार गोष्टी लिहा: वेव्हलेंथ, पल्सची रुंदी, सेकंदाला किती पल्सेस आणि पल्स चालू असतानाची पॉवर. शेवटच्या गोष्टीत घोटाळा होतो, कारण पल्स्ड लेझरवर बऱ्याचदा सरासरी पॉवर लिहिलेली असते. सरासरी १ मिलिवॅट आणि सेकंदाला १००० पल्सेस म्हणजे एका पल्समध्ये १ मायक्रोज्यूल. ही ऊर्जा १० नॅनोसेकंदांत आली तर त्या क्षणी पॉवर १०० वॅट होते. "एकच मिलिवॅट तर आहे" म्हणून असा बीम थेट डायोडवर मारणारे डायोडही घालवतात. अशा वेळी पांढऱ्या कागदावरून परावर्तित झालेला उजेडसुद्धा पुरून उरतो.

आपलं मॉड्यूल साधं आहे: पल्स चालू असताना साधारण ३ मिलिवॅट धरू.

पुढचा आकडा राइज टाइमचा, म्हणजे आउटपुटला तळापासून माथ्याजवळ चढायला लागणाऱ्या वेळेचा. पल्सचा आकार नीट दिसावा असं वाटत असेल तर सर्किटचा राइज टाइम पल्सच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याइतका धरावा. १० मायक्रोसेकंदांच्या पल्सला १ मायक्रोसेकंद. बँडविड्थ (किती वेगाचे बदल सर्किट पुढे नेऊ शकतं तो आकडा) हवी असेल तर ०.३५ ला राइज टाइमने भागा: ३५० किलोहर्ट्झ. हा १ मायक्रोसेकंद कागदावर ठळक लिहून ठेवा, याच्याभोवतीच सगळं फिरणार आहे.

डायोड कोणता

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, 'मोदी नंबर' म्हणतात त्या गल्ल्यांत जाऊन "फोटोडायोड द्या" म्हटलं तर हातात काय पडेल सांगता येत नाही. कधी काळ्या रंगाचा, एलईडीसारखा ५ मिलिमीटरचा डायोड येतो. हे काळं प्लास्टिक म्हणजे डेलाइट फिल्टर, ते इन्फ्रारेड आत सोडतं आणि दिसणारा उजेड अडवतं. टीव्हीच्या रिमोटसाठी उत्तम, आपल्या ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरला जवळजवळ आंधळा. कधी तीन पायांचा टीएसओपी१७३८ येतो. तो फोटोडायोड नाही, त्यात अख्खा रिसीव्हर बसवलेला असतो आणि त्याला ३८ किलोहर्ट्झच्याच पल्सेस कळतात. कधी फोटोट्रान्झिस्टर (उजेडावर चालणारा ट्रान्झिस्टर) येतो, तो काही मायक्रोसेकंदांपासून कित्येक दहा मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ घेतो, म्हणजे आपल्या हिशेबात सुस्त. "हेच लावतात सगळे, चालते भाऊ," असं काउंटरवरून ऐकू आलं तरी पायांची संख्या आणि प्लास्टिकचा रंग बघून घ्या. एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टन्स) तर कित्येक दहा मिलिसेकंद घेणारा, त्याचा विचारच नको.

माझी पसंती बीपीडब्ल्यू३४ ला. चपटा, पारदर्शक, दोन पायांचा. त्याची संवेदनशील चिप ७.५ चौरस मिलिमीटरची आहे, त्यामुळे १० मीटरवरून बीम त्याच्यावर आणताना जीव मेटाकुटीला येत नाही. ४३० ते ११०० नॅनोमीटर दिसतं, सर्वांत चांगलं ९०० च्या आसपास. दुकानात न मिळाल्यास ऑनलाइन मागवा, पण बदली म्हणून काळा डायोड घेऊ नका. वेग जास्त हवा असेल तर एसएफएच२०३: चिप फक्त १ चौरस मिलिमीटर, पण त्यामुळे कपॅसिटन्सही कमी, शून्य व्होल्टला ११ पिकोफॅरड. पुढे लेन्स असल्यामुळे तो साधारण समोरचंच बघतो. नेम धरण्याची तयारी असेल तर सुंदर डायोड आहे. मात्र याच नावाच्या पुढे 'एफए' लागलं की तो पुन्हा डेलाइट फिल्टरवाला.

अॅनोड कुठला आणि कॅथोड कुठला हे ओळखायला डेटाशीटही लागत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, डायोड खिडकीजवळ उजेडात धरा. फोटोडायोड म्हणजे छोटा सोलर सेलच, त्यामुळे ०.३ ते ०.४ व्होल्ट दिसतील. आकडा प्लसमध्ये असेल तर लाल प्रोब अॅनोडवर आहे. डायोडवर बोट ठेवल्यावर आकडा पडला पाहिजे. मेलेला किंवा भलताच डायोड इथेच कळतो.

रेझिस्टन्सचा हिशेब

मूळ सर्किट दोन पार्टचं आहे. कॅथोड ५ व्होल्टला, अॅनोड एका रेझिस्टन्समधून ग्राउंडला, आणि सिग्नल घ्यायचा अॅनोडवरून. डायोड उलटा जोडलाय असं बघून नवशिके दचकतात, पण तो उलटाच हवा. उलट्या व्होल्टेजने आतला डिप्लीशनचा थर रुंदावतो आणि कपॅसिटन्स उतरतो: बीपीडब्ल्यू३४ चा शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड असलेला कपॅसिटन्स ३ व्होल्टला २५ पर्यंत येतो. अंधारात त्यातून जवळपास काहीच करंट जात नाही, उजेड पडला की उजेडाच्या प्रमाणात जातो.

आता करंट किती मिळेल ते काढू. सिलिकॉन फोटोडायोड ६५० नॅनोमीटरला एका वॅटमागे साधारण ०.४ अँपिअर देतो. १० मीटरवर ठिपका ८ मिलिमीटर व्यासाचा झाला असं धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. त्यातले ७.५ आपल्या चिपवर पडतात, म्हणजे १५ टक्के. ३ मिलिवॅटचे ०.४५ मिलिवॅट झाले आणि करंट ०.१८ मिलिअँपिअर. हा करंट १ के मधून गेला तर ०.१८ व्होल्ट, १० के मधून १.८ व्होल्ट, १०० के मधून हिशेबाने १८ व्होल्ट, म्हणजे ५ व्होल्टच्या सर्किटात तो आधीच छताला टेकलेला.

मोठा रेझिस्टन्स, मोठा सिग्नल. मग मोठाच का लावू नये? कारण कपॅसिटन्स. डायोडचे २५ पिकोफॅरड, ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांचे आणि वायरचे दहाएक, स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) प्रोब १० पटीवर असेल तर त्याचे आणखी दहा-पंधरा. एकूण ५० धरू. राइज टाइम म्हणजे २.२ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स:

१ के ला ०.११ मायक्रोसेकंद
१० के ला १.१ मायक्रोसेकंद
१०० के ला ११ मायक्रोसेकंद
१ मेगला ११० मायक्रोसेकंद

कागदावर १ मायक्रोसेकंद लिहिलं होतं. १० के सुटून बाहेर आला. १०० के लावला असता तर १० मायक्रोसेकंदांची पल्स चढून पूर्ण होण्याआधीच संपली असती, आणि १ मेगवर तर पल्स संपल्यावर आउटपुट खाली उतरायलाच तिच्या दहापटीहून जास्त वेळ लागला असता. लेझर लावल्यावर आउटपुट "हलतं" पण पल्स दिसत नाही अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी जुन्या आकृतीतला मोठा रेझिस्टन्स उचललेला असतो.

प्रोब १ पटीवर ठेवलात तर एकटा प्रोबच शंभरच्या आसपास पिकोफॅरड आणतो आणि सर्किट आहे त्यापेक्षा तिप्पट सुस्त दिसतं. कॉलेजच्या सीआरओवर (जुन्या स्कोपवर) हे हमखास घडतं. प्रोबवरचं छोटं बटण आधी बघा, मग सर्किटला दोष द्या.

नागपूरचं ऊन आणि घरातला उजेड

भर उन्हात बीपीडब्ल्यू३४ मधून २ ते ३ मिलिअँपिअर जातात. १० के वर याचे हिशेबाने वीस-तीस व्होल्ट होतात, आपल्याकडे आहेत पाच. म्हणजे अॅनोड पाचला चिकटून बसणार, डायोडवर उलटं व्होल्टेज उरणार नाही आणि लेझरची पल्स कितीही जोरदार आली तरी वर चढायला जागाच नाही. इथे पुष्कळ जण कपॅसिटर लावून डीसी अडवायला जातात. कपॅसिटर डीसी अडवतो हे खरं, पण त्याच्या आधीच सॅच्युरेट झालेला डायोड तो सोडवू शकत नाही. ऊन डायोडवर पोचण्याआधी अडवलं पाहिजे.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणी उपाय म्हणजे काळी नळी. ५-७ सेंटिमीटर लांबीचा पाइपचा तुकडा आतून मॅट काळ्या रंगाने रंगवा किंवा आत काळा कार्डपेपर गुंडाळून सरकवा, डायोड तळाशी. लेझर समोरून सरळ येतो, ऊन तिरकं येतं. पुढे लाल जिलेटिन पेपर लावला तर निळा-हिरवा उजेड कापला जातो, पण इन्फ्रारेड त्यातून आरामात जातं आणि उन्हात ते भरपूर असतं, म्हणून नळीची जागा तो घेऊ शकत नाही. ६५० नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर विकत घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: लाल लेझरची वेव्हलेंथ तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.२ नॅनोमीटर सरकते. जानेवारीच्या सकाळी जुळवलेला फिल्टर मे अखेरच्या नवतपात गच्चीवर कडेला येऊ शकतो. १० नॅनोमीटरपेक्षा अरुंद घेऊ नका.

उन्हाळा म्हटला की डार्क करंटची, म्हणजे अंधारातही डायोडमधून झिरपणाऱ्या करंटची, भीती घातली जाते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो, हे खरं. पण २५ अंशांना २ नॅनोअँपिअर असेल तर ४५ ला ८ झाला, आणि १० के वर ८ नॅनोअँपिअर म्हणजे ८० मायक्रोव्होल्ट. आपल्या १.८ व्होल्टपुढे ते शून्यच. मे महिन्यात सर्किट बिघडलं तर दोष उन्हाचा किंवा कूलरचा असतो. कूलरकडे पुढे येऊच.

घरातल्या दिव्यांचा त्रास वेगळा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि ही लहर पल्सच्या तळाशी डुलत राहते. ती घालवायला कपॅसिटर लागतो, आणि इथे तो खरोखर कामाचा आहे. अॅनोडवरून १ नॅनोफॅरड (डिस्कवर १०२ लिहिलेला) घ्या आणि त्याच्या पलीकडे १०० के ग्राउंडला. या जोडीचा टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद येतो. १०० हर्ट्झची लहर त्यातून सोळाव्या हिश्श्याइतकी उरते आणि आपल्या १० मायक्रोसेकंदांच्या पल्सचा माथा फक्त १० टक्के ढळतो. १ च्या जागी १० नॅनोफॅरड लावलात तर पल्स अधिक सपाट राहील, पण लहर निम्मीच कमी होईल. पल्स शोधायची असेल तर १, आकार अभ्यासायचा असेल तर १०.

या रचनेला पल्सेसमध्ये भरपूर मोकळी जागा असलेली आवडते. चालू-बंद वेळ सारखाच असेल तर कपॅसिटरच्या पलीकडे सिग्नल शून्याच्या वर अर्धा आणि खाली अर्धा असा वाटला जातो, आणि ठरवलेली पातळी चुकते. आपल्याकडे चालू वेळ एक टक्काच आहे, काळजी नाही.

कंपॅरेटर

आता या पल्सचं हो-नाहीत रूपांतर. ते कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, करते. एलएम३९३ कुठेही मिळतो, ५ व्होल्टवर चालतो आणि साधारण १ मायक्रोसेकंदात उत्तर देतो. १० मायक्रोसेकंदांच्या पल्सला तेवढं पुरतं. त्याच्या इनपुटवर ० ते ३.५ व्होल्टपर्यंतच भरवसा ठेवायचा (सप्लायपेक्षा दीड व्होल्ट कमी), म्हणून सिग्नलची बैठक तळापासून थोडी वर, १ व्होल्टच्या आसपास ठेवू.

एकाच साखळीतून दोन्ही पातळ्या काढायच्या. ५ व्होल्टवरून ३३ के, मग १० के चा प्रीसेट (फिरवून बदलायचा तीन पायांचा रेझिस्टन्स), मग १० के, मग ग्राउंड. प्रीसेटच्या खालच्या टोकाला सुमारे ०.९४ व्होल्ट मिळतात, ती सिग्नलची बैठक. मघाचा १०० के ग्राउंडला न नेता याच बिंदूला जोडा आणि तिथून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड (१०४) द्या. प्रीसेटचा मधला पाय म्हणजे थ्रेशोल्ड (सिग्नल जिच्या वर गेला की पल्स मानायची ती पातळी), तो बैठकीपासून वर आणखी ०.९४ व्होल्टपर्यंत फिरवता येतो. तिथेही एक १०४. दोन्ही एकाच साखळीत असल्यामुळे सप्लाय थोडा हलला तरी त्यांच्यातलं नातं बदलत नाही.

सिग्नल १ के मधून एलएम३९३ च्या पिन २ ला, म्हणजे मायनस इनपुटला. थ्रेशोल्ड १० के मधून पिन ३ ला. पिन १ आउटपुट, तिथून ५ व्होल्टला ४.७ के. हा पुलअप विसरलात तर आउटपुट कधीच वर जाणार नाही, कारण आतला ट्रान्झिस्टर फक्त खाली ओढतो. पिन १ वरून पिन ३ ला १ मेग जोडा. त्याने थ्रेशोल्डला सुमारे ५० मिलिव्होल्टचा हिस्टेरेसिस (चढताना आणि उतरतानाच्या पातळीतला फरक) मिळतो आणि पल्सच्या कडेवर आउटपुट थरथरत नाही. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड, दोन्हींमध्ये चिपला चिकटून एक १०४. दुसरा कंपॅरेटर रिकामा आहे, त्याच्या ५ आणि ६ ग्राउंडला, ७ मोकळी.

एक पार्ट राहिला: १ नॅनोफॅरडच्या पलीकडच्या बिंदूवर, १ के च्या आधी, १एन४१४८ हा साधा डायोड उलटा. पट्टीचं टोक सिग्नलला, दुसरं ग्राउंडला. खिडकीतून ऊन आलं, अॅनोड ५ व्होल्टला गेला आणि कुणी मध्येच पडदा ओढला, तर कपॅसिटर तो अख्खा धक्का मायनसमध्ये ढकलतो. चिपला मायनस व्होल्टेज सोसत नाही. डायोड तो धक्का अडवतो आणि १ के उरलेला करंट आवरतो.

पल्स आली की आउटपुट खाली जातं, आर्डुइनोत फॉलिंग एजचा इंटरप्ट लावा, म्हणजे पिन खाली पडताच तो हातातलं काम थांबवून मोजणी करेल.

सप्लायला मोबाइलचा चार्जर वापरू नका, निदान सुरुवातीला तरी. त्याचा आवाज सिग्नलमध्ये घुसतो आणि दोन दिवस लेझरवर संशय घेण्यात जातात. पॉवर बँक घ्या. डायोडच्या कॅथोडला ५ व्होल्ट थेट न देता १०० ओहममधून द्या आणि कॅथोडवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड आणि १०४.

लेझर नसतानाच तपासा

टीव्हीचा रिमोट. बहुतेक रिमोट ३८ किलोहर्ट्झने लुकलुकतात, म्हणजे एक चक्कर २६ मायक्रोसेकंदांची आणि त्यात एलईडी दहाएक मायक्रोसेकंद चालू. आपल्या पल्सइतकीच रुंदी, तीही फुकट आणि डोळ्यांना सुरक्षित. वीतभर अंतरावरून बटण दाबा. स्कोपवर अॅनोडला पल्सेसचे गुच्छ दिसले, प्रीसेट फिरवल्यावर पिन १ वर तसेच गुच्छ आले, तर सर्किट चालतं. रिमोट इन्फ्रारेडचा असल्यामुळे ही तपासणी काळ्या डायोडवरही पास होते, तेवढं ध्यानात असू द्या.

मग लेझर. मॉड्यूल आर्डुइनोच्या पिनवर थेट लावू नका, त्याला लागणारा करंट पिनला झेपेल याची खात्री नाही. बीसी५४७ घ्या: पिनवरून १ के मधून बेस, एमिटर ग्राउंडला, मॉड्यूलची मायनस वायर कलेक्टरला, प्लस ५ व्होल्टला. आर्डुइनो ऊनोवर digitalWrite ला स्वतःलाच काही मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे १० मायक्रोसेकंदांची पल्स नेमकी हवी असेल तर टायमरचा पीडब्ल्यूएम (ठरावीक रुंदीच्या पल्सेस आपोआप देणारी सोय) वापरा. काही मॉड्यूलमध्ये आत पॉवर स्थिर ठेवणारं सर्किट असतं. ते सावकाश जागं होतं आणि १० मायक्रोसेकंदांत लेझर पेटतच नाही. सलग चालवल्यावर प्रखर आणि पल्सवर पूर्ण काळोख, असं झालं तर मॉड्यूल बदला, आत फक्त रेझिस्टन्स असलेलं साधं घ्या.

स्कोप नसला तरी अडत नाही. आर्डुइनोने सेकंदाला किती इंटरप्ट आले ते छापा. पाठवले १०००, आले १०००, झालं. फरक आला तर तो आकडाच बोलतो. ११०० येत असतील तर वरचे शंभर दिव्याचे आहेत, दिवा बंद करून बघा, मग थ्रेशोल्ड थोडा वर घ्या. २००० च्या आसपास असतील तर एकाच पल्सवर दोनदा मोजणी होते आहे, १ मेग जोडायचा राहिलाय. ९०० आणि काहीतरी, तेही बदलतं, म्हणजे बीम काठावर आहे किंवा कूलरच्या वाऱ्याने स्टँड हलतोय.

आता कूलर. पंप किंवा मोटर चालू-बंद झाली की लाइनवर आणि हवेतून जो ठोका येतो तो १० के च्या बिंदूवर सहज चढतो. उजेडाचा त्रास आणि विजेचा त्रास वेगळा काढायची एकच रीत: डायोडवर काळी चिकटपट्टी लावा. मोजणी तरीही येत असेल तर ती उजेडाची नाही. मग वायर आखूड करा, अॅनोडपासून कंपॅरेटरपर्यंतचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरवर आणा, सगळं पत्र्याच्या डबीत घालून डबी ग्राउंडला जोडा. जमलेलं सर्किट ब्रेडबोर्डवरून झिरो पीसीबीवर उतरवलं की यातला बराचसा त्रास आपोआप जातो.

सिग्नल फारच लहान असेल तर

परावर्तित उजेड पकडायचा असेल, करंट एक-दोन मायक्रोअँपिअर असेल, तर १० के वर दहा-वीस मिलिव्होल्ट उरतात आणि कंपॅरेटर चाचपडतो. मग ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप) लागतो, ट्रान्सइम्पिडन्स पद्धतीने, म्हणजे करंटचं थेट व्होल्टेज करणारा. कॅथोड ऑपअँपच्या मायनस इनपुटला, अॅनोड ग्राउंडला, प्लस इनपुटला ०.५ व्होल्ट, आणि आउटपुटवरून मायनसला १०० के फीडबॅक. ऑपअँप मायनस इनपुट जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे डायोडच्या कपॅसिटन्सला प्रत्येक पल्सला भरावं-रिकामं व्हावं लागत नाही. नुसत्या १०० के ला ११ मायक्रोसेकंद लागत होते. १० मेगाहर्ट्झचा एमसीपी६०२२ लावला आणि एकूण कपॅसिटन्स ७० पिकोफॅरड धरला, तर बँडविड्थ पावणेपाचशे किलोहर्ट्झच्या आसपास जाते आणि राइज टाइम पाऊण मायक्रोसेकंदावर येतो. फीडबॅक रेझिस्टन्सला समांतर ३.३ पिकोफॅरड हवाच, नाहीतर ऑपअँप स्वतःच ओरडायला लागतो. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांतच दोनेक पिकोफॅरड असतात, म्हणून हे ब्रेडबोर्डवर करू नका.

एलएम३५८ घरात पडलेला असतो म्हणून लावायचा मोह होतो. त्याचं आउटपुट मायक्रोसेकंदाला साधारण ०.३ व्होल्टच चढतं. १ व्होल्टला तीन मायक्रोसेकंद, संपलं. आणि १०० के हा दिव्याच्या उजेडालाही तितकाच मोठा करतो: ४० मायक्रोअँपिअरचा बाहेरचा उजेड आला की आउटपुट छताला. म्हणून १० के वर काम होत असेल तर ऑपअँपच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

पल्स नॅनोसेकंदांची असेल तर

इथे आधी ठरवा: पल्स आली एवढंच कळायला हवं, की तिचा आकार बघायचा आहे? नुसतं कळायचं असेल तर सुस्त सर्किटही चालतं. १० नॅनोसेकंदांची पल्स, डायोडवर १ मिलिवॅट, म्हणजे ०.४ मिलिअँपिअर गुणिले १० नॅनोसेकंद, ४ पिकोकूलोम चार्ज. तो ५० पिकोफॅरडवर पडला की ८० मिलिव्होल्टची उडी बसते. नळ क्षणभर सुटून बंद झाला तरी बादलीत पाणी उरतंच, तसं. ते ओसरायला १०० के वर ५ मायक्रोसेकंद लागतात आणि एलएम३९३ ला तेवढा वेळ पुरतो. म्हणजे जो मोठा रेझिस्टन्स मघा नको होता तो इथे हवा. आकार मात्र कळणार नाही, आणि दोन पल्सेस जवळजवळ आल्या तर एकच मोजली जाईल.

आकार बघायचा असेल तर एसएफएच२०३ सारखा लहान डायोड, २० व्होल्ट उलटं व्होल्टेज, ५० ओहम, आणि तिथून ५० ओहमची कोअॅक्स केबल थेट स्कोपला, स्कोपच्या बाजूलाही ५० ओहम टर्मिनेशन. कॅथोडजवळचा १०४ अगदी पायाला चिकटून. वेव्हलेंथही तपासा: ९०५ नॅनोमीटर सिलिकॉनला छान दिसतं, १०६४ ला ते बरंच मंदावतं, आणि १५५० ला सिलिकॉन आंधळंच, तिथे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डायोड लागतो. हे तिन्ही लेझर डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून त्या वेव्हलेंथचा चष्मा हातात आल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही.

आणि स्कोपवर जे दिसेल त्यातलं स्कोपचं किती ते वजा करा. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप स्वतःच ३.५ नॅनोसेकंद घेतो आणि राइज टाइमचे वर्ग मिळून बेरीज होते. पडद्यावर ४ नॅनोसेकंद दिसले तर १६ मधून १२.२५ वजा करून वर्गमूळ काढा, सर्किटचे खरे साधारण २ नॅनोसेकंदच निघतात.